हाइनरिख गुस्ताव राइखेनबाख

हाइनरिख गुस्ताव राइखेनबाख (जन्म : ३ जानेवारी १८२३, ड्रेस्डेन, मृत्यू : ६ मे १८८९, हॅम्बुर्ग) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. काही ग्रंथांत त्यांचे जन्मवर्ष १८२४ असेही दिलेले आढळते. ऑर्किड कुलातील वनस्पतींचे वर्णन, नामकरण आणि वर्गीकरण हे त्यांचे जीवनकार्य होय. १८६५ मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांचे निधन झाल्यानंतर सुमारे पाव शतक या क्षेत्रात त्यांचाच शब्द अखेरचा मानला जात असे. आज घरोघरी आणि फुलांच्या दुकानांत दिसणाऱ्या फॅलिनॉप्सिस या ऑर्किडच्या अनेक जातींची नावे त्यांनी दिलेली आहेत. आपला प्रचंड वनस्पतिसंग्रह मृत्यूनंतर पंचवीस वर्षे कोणालाही पाहू देऊ नये, अशी अट त्यांनी मृत्युपत्रात घातली होती. या अटीमुळे त्यांचे नाव वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात काहीशा कटुतेनेही घेतले जाते.

बालपण व शिक्षण

त्यांचे वडील हाइनरिख गॉटलीब लुडविग राइखेनबाख हेही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ व प्राणिशास्त्रज्ञ होते. ड्रेस्डेनच्या वनस्पती उद्यानाचे ते संस्थापक होते आणि तेथील राजकीय निसर्गेतिहास संग्रहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. जर्मनी व स्वित्झर्लंडमधील वनस्पतींचा त्यांचा सचित्र ग्रंथ अनेक खंडांत प्रसिद्ध झाला. पिता-पुत्रांची नावे इतकी सारखी आहेत की वाचकाचा गोंधळ होणे साहजिक आहे. म्हणूनच वनस्पतींच्या शास्त्रीय नावापुढे नामकरणकर्त्याचे संक्षिप्त नाव लिहिताना पुत्राच्या नावाला शेवटी ‘एफ’ हे अक्षर जोडतात. ते ‘फिलियस’, म्हणजे पुत्र, या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर होय.

वडिलांच्या सचित्र ग्रंथाच्या कामात हाइनरिख गुस्ताव तरुणपणीच सहभागी झाले आणि वयाच्या अठराव्या वर्षापासून ऑर्किडच्या अभ्यासाकडे वळले. चित्रे काढणे, सुकवलेल्या फुलाचे सूक्ष्म विच्छेदन करणे आणि नेमक्या लॅटिन शब्दांत वर्णन लिहिणे ही तिन्ही कौशल्ये त्यांना घरातच मिळाली. १८४९ च्या मे महिन्यात ड्रेस्डेनमध्ये उठाव झाला, तेव्हा लागलेल्या आगीत त्स्विंगर या राजवाड्यातील निसर्गेतिहास संग्रहाचा मोठा भाग जळून गेला. हाच तो वडिलांच्या देखरेखीखालील संग्रह. त्या वेळी पुत्राचे वय सव्वीस वर्षांचे होते.

ऑर्किडच्या परागाची निर्मिती व रचना या विषयावरील त्यांचा लॅटिन प्रबंध १८५२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑर्किडचे पराग सुट्या भुकटीच्या रूपात नसतात. ते मेणासारख्या गोळ्यांत, म्हणजे परागपुंजांत, एकवटलेले असतात. परागपुंजांची संख्या, त्यांचा देठ आणि त्यांना कीटकाच्या अंगाला चिकटवणारी चकती या गोष्टी ऑर्किडच्या वर्गीकरणात फार महत्त्वाच्या ठरतात. पाकळ्यांच्या रंगावर न भुलता फुलाच्या या अंतर्रचनेकडे पाहण्याची सवय त्यांना येथेच लागली असावी.

लाइपझिश व हॅम्बुर्ग

१८५५ मध्ये लाइपझिश विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६३ मध्ये त्यांची हॅम्बुर्गच्या वनस्पती उद्यानाच्या संचालकपदी नेमणूक झाली आणि मृत्यूपर्यंत ते त्याच पदावर राहिले. हॅम्बुर्ग हे मोठे व्यापारी बंदर असल्यामुळे ऑर्किडच्या अभ्यासकाला ती जागा सोयीची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील, धनिकांना ऑर्किडचे अक्षरशः वेड लागले होते. लो, व्हीच, सँडर यांसारख्या रोपवाटिकांचे संग्राहक फिलिपाइन्स, बोर्निओ, ब्रह्मदेश, अँडीज पर्वत अशा दूरदूरच्या प्रदेशांतून झाडे पाठवीत आणि लंडनमध्ये त्यांचे लिलाव होत. झाड ‘नवे’ आहे असे ठरले की त्याची किंमत वाढे. ते नवे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी फूल राइखेनबाख यांच्याकडे पाठवले जाई. ते फुलाचे रेखाटन करीत, वर्णन लिहून नाव देत आणि फूल सुकवून आपल्या संग्रहात ठेवीत. लंडनच्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकात लिंडली यांच्यानंतर त्यांनी अखेरपर्यंत नव्या ऑर्किडची वर्णने सातत्याने प्रसिद्ध केली. विद्वत्ता आणि व्यापार यांची ही युती दोन्ही पक्षांना लाभदायक होती. मात्र तिच्यामुळे ऑर्किडच्या नावांसंबंधीची जवळजवळ सारी सामग्री एकाच माणसाच्या कपाटांत साठत गेली. पुढील घटनांचे मूळ येथे आहे.

‘झेनिया ऑर्किडेसिया’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. तीन खंड आणि तीनशे चित्रफलक असलेल्या या ग्रंथाचे प्रकाशन १८५४ मध्ये सुरू झाले. त्यांच्या निधनानंतर फ्रिट्झ क्रेन्झलिन यांनी काम पुढे चालवून १९०० मध्ये तो पुरा केला.

फॅलिनॉप्सिस व राइखेनबाख

मराठीत ऑर्किडला आमरी असेही म्हणतात. फॅलिनॉप्सिस हे नाव पतंग (कीटक) व रूप अशा अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनले आहे. रात्री उडणाऱ्या पांढऱ्या पतंगासारखे दिसणारे फूल, असा त्याचा भाव. कार्ल लुडविग ब्लुमे यांनी जावामधील वनस्पतीच्या आधारे १८२५ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. (या लेखात ‘प्रजाती’ हा शब्द वरच्या गटासाठी आणि ‘जाती’ हा शब्द तिच्यातील घटकांसाठी वापरला आहे.) ब्लुमे यांच्या वेळी या प्रजातीत एकच जाती होती. आज सुमारे साठ ते सत्तर जाती मानल्या जातात. त्यांचा प्रदेश भारत व श्रीलंकेपासून दक्षिण चीन, तैवान, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे.

या विविधतेची ओळख करून देण्यात राइखेनबाख यांचा वाटा मोठा आहे. हॅम्बुर्गजवळ राहणारे ऑर्किडप्रेमी कॉन्सुल शिलर यांच्या नावावरून त्यांनी १८६० मध्ये ‘शिलेरियाना’ ही फिलिपाइन्समधील जाती वर्णिली. तिची पाने रुपेरी-करड्या पट्ट्यांची असतात व फुले गुलाबी. ‘लुडेमॅनियाना’ (१८६५) हे नाव पॅरिसच्या एका उद्यानतज्ज्ञावरून, तर ‘स्टुअर्टियाना’ (१८८१) हे नाव लो रोपवाटिकेच्या स्टुअर्ट लो यांच्यावरून दिलेले आहे. ब्रह्मदेशात मौलमीन येथे धर्मोपदेशक असलेले चार्ल्स पॅरिश हे उत्तम संग्राहक व चित्रकार होते. त्यांच्या शोधांतून ‘लोवी’ (१८६२) आणि ‘पॅरिशी’ (१८६५) या दोन लहान जाती पुढे आल्या. कोरड्या ऋतूत या जातींची पाने गळून जातात आणि चपट्या हिरवट मुळांच्या आधारे झाड तग धरते. वर्षभर हिरव्या राहणाऱ्या जाड पानांची सवय असलेल्या माळ्यांना हे झाड मेले असे वाटे. ‘लोवी’च्या फुलातील स्तंभाचे टोक हत्तीच्या सोंडेसारखे लांब असते. आसाममध्ये वनाधिकारी असलेले गुस्ताव मान यांनी शोधलेल्या, पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके-पट्टे असलेल्या जातीला त्यांनी १८७१ मध्ये ‘मानी’ हे नाव दिले. भारतात आढळणाऱ्या फॅलिनॉप्सिसांपैकी ही एक लक्षणीय जाती आहे.

केवळ नव्या जातींची भर घालण्यापेक्षा त्यांनी प्रजातीच्या सीमा कशा आखल्या, हे अधिक महत्त्वाचे आहे. पांढऱ्या, रुंद पाकळ्यांच्या ‘अमाबिलिस’शेजारी मेणचट, ताऱ्याच्या आकाराची, पट्टेदार फुले ठेवली तर ती एकाच प्रजातीची आहेत असे सहसा कोणाला वाटणार नाही. ‘कॉर्नु-सर्वी’ ही जाती आधी ‘पॉलिकायलॉस’ या वेगळ्या प्रजातीत, तर ‘इक्वेस्ट्रिस’ ही ‘स्टॉरोग्लॉटिस’मध्ये घातलेली होती. राइखेनबाख यांनी ‘इक्वेस्ट्रिस’ला १८५० च्या सुमारास फॅलिनॉप्सिसमध्ये आणले आणि ‘कॉर्नु-सर्वी’ला १८६० मध्ये, ब्लुमे यांच्यासह. वरवरचे रूप बाजूला ठेवून फुलाचा ओठ, स्तंभ व परागपुंज पाहिले की नाते दिसते, अशी त्यांची भूमिका होती.

‘अमाबिलिस’ आणि ‘ॲफ्रोडाइटी’

नामकरणातील एक जुना गुंता त्यांनी सोडवला. तो थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आजच्या पांढऱ्या संकरित फॅलिनॉप्सिसच्या वंशावळीत या दोन्ही जाती आहेत.

ॲम्बॉन बेटावर राहिलेल्या रुम्फियस यांच्या ग्रंथात या गटातील पांढऱ्या फुलांच्या वनस्पतीचे वर्णन फार पूर्वीच आले होते. पुढे लिनियस यांनी १७५३ मध्ये, जावाच्या बाजूला ऑसबेक यांनी गोळा केलेल्या नमुन्यावरून, तिला ‘अमाबिलिस’चे मूळ नाव दिले. ब्लुमे यांनी जावाच्याच वनस्पतीसाठी ते कायम ठेवले. मात्र १८३८ मध्ये फिलिपाइन्समधून इंग्लंडमध्ये आलेल्या तशाच पांढऱ्या फुलाला लिंडली यांनी ‘अमाबिलिस’ म्हटले. दहा वर्षांनी खरी जावाची वनस्पती पाहण्यात आली, तेव्हा तिची फुले मोठी दिसल्यामुळे त्यांनी तिला ‘ग्रँडिफ्लोरा’ हे नवे नाव दिले. परिणामी खरी ‘अमाबिलिस’ आपल्या नावाला मुकली आणि तिचे नाव दुसरीच जाती मिरवू लागली.

राइखेनबाख यांनी १८६२ मध्ये फिलिपाइन्सच्या जातीला ‘ॲफ्रोडाइटी’ हे स्वतंत्र नाव दिले आणि ‘अमाबिलिस’ हे नाव जावाच्या जातीकडे परत गेले. दोन्हींतील फरक ओठाच्या मधल्या खंडात स्पष्ट दिसतो. ‘ॲफ्रोडाइटी’त तो त्रिकोणी असतो आणि त्यावर तांबड्या खुणा असतात. ‘अमाबिलिस’मध्ये तो अरुंद व क्रुसासारखा असतो. बागायतदारांनी मात्र हा निर्णय लगेच स्वीकारला नाही. झाडाला लावलेली जुनी चिठ्ठी बदलायला माळी सहसा तयार नसतो. जुनी नावे त्यानंतरही बराच काळ रोपवाटिकांच्या याद्यांत छापली जात होती.

उणिवा

त्यांच्या कामात दोष नव्हते असे नाही. त्यांची वर्णने फार त्रोटक असत आणि बऱ्याचदा चित्राविना छापली जात. मूळ नमुना पाहिल्याशिवाय त्यांवरून वनस्पती ओळखणे इतरांना कठीण जाई. शिवाय अनेकदा त्यांच्यापुढे एखादे कोमेजलेले फूलच असे. ‘डेलिसिओसा’ ही लहानशी जाती हे याचे उत्तम उदाहरण आहे. जावाच्या नमुन्यावरून त्यांनी ती १८५४ मध्ये वर्णिली. पुढे १८६२ मध्ये तिलाच त्यांच्याकडून ‘हेबे’ आणि ‘वाइटी’ अशी आणखी दोन नावे दिली गेली. त्यांपैकी दुसरे दक्षिण भारतातील वनस्पतींचे अभ्यासक रॉबर्ट वाइट यांच्या नावावरून आहे. ही जाती भारतीय उपखंडापासून सुलावेसीपर्यंत आढळत असल्यामुळे प्रदेशागणिक तिचे रूप थोडे बदलते, हे त्याचे कारण म्हणता येईल. तसेच त्यांनी १८७४ मध्ये नवी म्हणून वर्णिलेली ‘एस्मेराल्डा’ ही लिंडली यांनी आधीच ‘डोरायटिस पुलचेरिमा’ या नावाने प्रसिद्ध केलेली वनस्पती निघाली.

क्यूशी दुरावा व मृत्युपत्र

लंडनजवळील क्यू येथील राजकीय वनस्पती उद्यानात लिंडली यांचा ऑर्किडसंग्रह ठेवलेला आहे. राइखेनबाख यांचे लिंडली यांच्याशी जिव्हाळ्याचे संबंध होते आणि इंग्लंडमधील नियतकालिकांत व रोपवाटिकांत त्यांना मोठा मान होता. त्यामुळे त्यांचा स्वतःचा संग्रहही अखेर क्यूलाच जाईल, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती.

मात्र क्यूमध्ये रॉबर्ट ॲलन रॉल्फ हे तरुण सहायक ऑर्किडचे काम पाहू लागले. रॉल्फ माळी म्हणून तेथे आले होते आणि ऑर्किडशास्त्र त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केले होते. १८८६ मध्ये त्यांनी त्याच ‘गार्डनर्स क्रॉनिकल’मध्ये फॅलिनॉप्सिस प्रजातीची संपूर्ण पुनर्मांडणी प्रसिद्ध केली आणि तिचे चार विभाग पाडले. ज्या साप्ताहिकात वीस वर्षे राइखेनबाख यांचाच निवाडा चालत आला होता, तेथे त्यांनीच नावे दिलेल्या जातींची अशी व्यवस्था एका नवख्या माणसाने लावावी, हे त्यांना रुचले नसावे. रॉल्फ यांना क्यूमध्ये मिळालेल्या स्थानामुळेच ते दुखावले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांचा स्वभाव मुळातच मानी होता.

६ मे १८८९ रोजी त्यांचे निधन झाले आणि मृत्युपत्र उघडल्यावर ऑर्किडच्या जगाला धक्का बसला. वनस्पतिसंग्रह व ग्रंथालय त्यांनी व्हिएन्ना येथील राजकीय निसर्गेतिहास संग्रहालयाला दिले होते. मृत्यूनंतर पंचवीस वर्षे संग्रह कोणालाही अभ्यासासाठी खुला करू नये, ही अट होती. व्हिएन्नाने नाकारल्यास तो उप्साला, नंतर हार्वर्ड आणि शेवटी पॅरिस यांना याच अटीवर द्यायचा होता. क्यूचे नाव या यादीत कोठेही नव्हते. ऑर्किडच्या सध्याच्या वेडापायी संग्रहाची हाताळणी होऊन त्याचा नाश होऊ नये, असे कारण मृत्युपत्रात दिले होते. वाळलेले फूल नाजूक असते आणि वारंवार उघडझाक झाली की ते चुरा होते, हे खरेच आहे. ड्रेस्डेनची आग त्यांच्या स्मरणात असेल, हेही मान्य करता येईल. परंतु एका पिढीच्या अभ्यासकांना वगळण्याचा हेतू त्यातून लपत नाही.

बंद कपाटांचे परिणाम

या अटीचे गांभीर्य कळण्यासाठी प्रकारनमुना म्हणजे काय, हे लक्षात घ्यावे लागते. एखाद्या जातीचे पहिले वर्णन ज्या नमुन्यावरून केले जाते, तो तिचा प्रकारनमुना होय. ते नाव नेमक्या कोणत्या वनस्पतीचे, हा वाद उद्भवला की निकाल त्या नमुन्यावरून लागतो. राइखेनबाख यांनी नाव दिलेल्या ऑर्किडांचे असे नमुने आता व्हिएन्नामध्ये मोहरबंद झाले आणि बाहेर उरली ती त्यांची त्रोटक वर्णने.

तोपर्यंत जगाचे काम थांबले नव्हते. क्यूमध्ये रॉल्फ, जर्मनीत क्रेन्झलिन व रुडॉल्फ श्लेख्टर, जावामध्ये जे. जे. स्मिथ, अमेरिकेत फिलिपाइन्सच्या ऑर्किडांचा अभ्यास करणारे ओक्स एम्स या सर्वांनी या काळात शेकडो ऑर्किडांची वर्णने केली. हातातील फूल राइखेनबाख यांनी पूर्वीच नाव दिलेले आहे की काय, याची खात्री करण्याचा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. एकाच जातीला दोन-तीन नावे मिळत गेली आणि ती निस्तरण्याचे काम विसाव्या शतकात दीर्घकाळ चालले. पंचवीस वर्षांची मुदत १९१४ च्या मे महिन्यात संपली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पहिले महायुद्ध सुरू झाले आणि लंडनच्या अभ्यासकाला व्हिएन्नाचे दार आणखी काही वर्षे बंदच राहिले. रॉल्फ १९२१ मध्ये निधन पावले.

याच्या उलट बाजूचीही नोंद घ्यावी लागते. श्लेख्टर यांचा ऑर्किडसंग्रह बर्लिनमध्ये होता आणि तो दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मधील बॉम्बहल्ल्यात, जळून गेला. राइखेनबाख यांचा संग्रह मात्र दोन्ही महायुद्धांतून वाचला.

नंतरचे वर्गीकरण

फॅलिनॉप्सिसची पुढील मोठी मांडणी अमेरिकेतील हर्मन स्वीट यांनी केली. त्यांचे लेख १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. राइखेनबाख यांनी ‘लुडेमॅनियाना’चे प्रकार मानलेल्या ‘पुल्क्रा’ व ‘हायरोग्लिफिका’ यांना स्वीट यांनी स्वतंत्र जातींचा दर्जा दिला. २००१ मध्ये एरिक क्रिस्टेन्सन यांचा प्रबंधग्रंथ आला. त्यात प्रजातीचे पाच उपविभाग केलेले आहेत.

‘डेलिसिओसा’चा प्रवास येथे पुन्हा पाहण्यासारखा आहे. रॉल्फ यांनी १९१७ मध्ये या गटासाठी ‘किंगिएला’ ही वेगळी प्रजाती स्थापन केली. ते नाव आधीच वापरलेले असल्याने १९७० मध्ये ‘किंगिडियम’ आले. क्रिस्टेन्सन यांनी ही प्रजाती व ‘डोरायटिस’ या दोन्ही फॅलिनॉप्सिसमध्ये विलीन केल्या. जनुकीय अभ्यासानेही या व्यापक सीमांनाच पाठिंबा दिला. ‘पॉलिकायलॉस’ला १९८२ मध्ये पुन्हा स्वतंत्र करण्याचा प्रयत्न झाला, तोही टिकला नाही. ‘डेलिसिओसा’ आज पुन्हा १८५४ मध्ये राइखेनबाख यांनी दिलेल्या नावानेच ओळखली जाते. त्यांनी फॅलिनॉप्सिसमध्ये आणलेली ‘इक्वेस्ट्रिस’ ही तर जिचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला, अशी ऑर्किडची जाती ठरली. ते संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

सन्मान

इंग्लंडमधील ऑर्किडचे मोठे व्यापारी फ्रेडरिक सँडर यांनी काढलेल्या भव्य चित्रग्रंथमालेला ‘राइखेनबाखिया’ हे नाव दिलेले आहे. तिच्या चार खंडांत १९२ रंगीत फलक असून त्यांतील बहुतेक चित्रे हेन्री मून यांची आहेत. ब्राझीलचे वनस्पतिशास्त्रज्ञ बार्बोझा रोद्रिगेस यांनी एका ऑर्किड प्रजातीला ‘राइखेनबाखँथस’ हे नाव दिले. बोर्निओतील किनाबालू परिसरात आढळणारे आणि आज अत्यंत दुर्मिळ असलेले ‘रॉथ्सचाइल्डियानम’ हे ऑर्किड राइखेनबाख यांनी १८८८ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, वर्णिले. त्यांचा संग्रह आजही व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात असून त्यातील प्रकारनमुन्यांची छायाचित्रे अभ्यासकांना संगणकावर पाहता येतात. अनेक नमुन्यांच्या कागदावर सुकलेल्या फुलाशेजारी राइखेनबाख यांनी स्वतः काढलेली ओठाची व स्तंभाची रेखाटनेही आहेत.